द विच : एका चांदीच्या पेल्याची गोष्ट

‘द विच’ हा रॉबर्ट एगर्स यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०१५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि तिथे एगर्स यांना दिग्दर्शनाचा पुरस्कारही मिळाला. गेल्या आठवड्यात फोंड्याला आमच्या घरी, आषाढाच्या पावसात दारेखिडक्या लावून, मी तो आईसोबत दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या खेपेस चेटकिणीची भीती वाटली होती; या खेपेस त्या घरातल्या माणसांचीच वाटली.

कथा १६३० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये घडते. इंग्लंड सोडून आलेल्या विल्यमचे धर्माच्या आचरणावरून वसाहतीतल्या लोकांशी बिनसते आणि त्याला कुटुंबासह बाहेर काढले जाते. अरण्याच्या कडेला तो शेत मांडतो. सोबत बायको कॅथरीन, मोठी मुलगी थॉमसिन, मुलगा केलेब, मर्सी आणि जोनास ही जुळी आणि तान्हा सॅम्युअल. एके दिवशी थॉमसिन डोळ्यांवर हात धरून बाळाला हसवत असते. हात काढते, बाळ हसते. पुन्हा झाकते, पुन्हा काढते, आणि समोर रिकामे दुपटे असते. यापुढची कथा सांगणे योग्य नव्हे.

बाळ नाहीसे झाल्याचे दुःख या घरात सरळ दुःख म्हणून व्यक्त होऊ शकत नाही, कारण त्यांच्या कॅल्व्हिनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, श्रद्धेनुसार कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे देवाने आधीच ठरवलेले आहे आणि माणसाला ते कळण्याचा मार्ग नाही. जंगलातून चालताना केलेब वडिलांना विचारतो की आपला सॅम्युअल नरकात गेला का. विल्यमचे आपल्या मुलावर जिवापाड प्रेम आहे, तरीही त्याला ‘नाही’ एवढे एक अक्षर उच्चारता येत नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात याहून भयंकर प्रसंग नाही, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

दुसरा प्रसंग चांदीच्या पेल्याचा. सापळे घेण्यासाठी विल्यमने बायकोच्या माहेरचा पेला तिला न सांगता विकलेला असतो. पेला सापडत नाही तेव्हा कॅथरीन थॉमसिनला धारेवर धरते, आणि विल्यम मान खाली घालून ऐकत राहतो. माझी आई न राहवून पडद्याला म्हणाली, “अरे, सांगून टाक ना तिला, पेला तूच विकलास म्हणून!” तो सांगत नाही, आणि मुलीवर संशय घेण्याची सवय घराला तिथूनच लागते. चेटकीण जंगलात खरोखर आहे, हे चित्रपट लपवत नाही. पण थॉमसिनला चेटकीण ठरवण्याचे काम घरातलीच माणसे करतात.

हे पाहताना आम्हा गोवेकरांना आपला इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. इथे पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, १५६० मध्ये आले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकले. पोर्तुगीज राजवटीत देवळे मोडली जात असताना कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला का आली, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. १७३६ च्या फर्मानात तर अंगणात तुळस लावण्यास आणि मिठाशिवाय भात शिजवण्यास बाटलेल्या कुटुंबांना मनाई होती. म्हणजे धर्माची दहशत थेट चुलीपर्यंत पोचली होती. आमच्याकडे ती सत्तेच्या हुकमाने आली. विल्यमच्या घरावर मात्र कुणाचा पहारा नाही, न्यायालय नाही, शिपाई नाही, आणि तरीही तिथे चौकशी चालते, कबुलीजबाब मागितले जातात आणि लहान जुळी मुले मोठ्या बहिणीविरुद्ध साक्ष देतात. न्यू इंग्लंडमधल्याच सालेमचे चेटूक केल्याच्या आरोपाचे खटले १६९२ मध्ये झाले आणि त्यांत १९ जणांना फाशी दिली गेली. त्याच्या साठ वर्षे आधीची मनःस्थिती कशी असेल, ते या एका घरात दिसते.

जॅरिन ब्लाश्के यांचे छायाचित्रण बहुतांशी नैसर्गिक उजेडावर आणि मेणबत्त्यांवर चालते, त्यामुळे जेवणाच्या मेजावरचे चेहरे अर्धे अंधारात बुडालेले राहतात. मार्क कॉर्व्हेन यांचे संगीत कानाला टोचते, आणि ते तसेच हवे होते. संवाद त्या काळच्या रोजनिशा आणि न्यायालयीन नोंदींवर बेतलेले आहेत. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातल्या राशोलला छापले गेले १६१६ मध्ये, म्हणजे चित्रपटातली ही इंग्रजी साधारण त्यांच्याच पिढीची. ‘ख्रिस्तपुराणा’तल्या ओव्या आज वाचताना जसे थबकावे लागते, तसेच हे संवाद ऐकतानाही होते. सबटायटल लावूनच पाहावे.

शेवटची काही मिनिटे मला पटली नाहीत. ब्लॅक फिलिप या काळ्या बोकडाविषयीचा संशय तोवर इतका घट्ट विणलेला असतो की तो उलगडून दाखवण्याची गरज नव्हती, आणि अखेरचे दृश्य जरा जास्तच बोलते. आईचे मत उलट आहे. तिच्या मते त्या पोरीला घराबाहेर पडायला दुसरी वाट कुणी ठेवलीच नव्हती. थॉमसिन झालेल्या अ‍ॅन्या टेलर-जॉय यांचा शेवटच्या क्षणीचा चेहरा पाहून मी आईशी वाद घातला नाही. चित्रपट दीड तासाचा आहे. लहान मुलांसोबत पाहू नये, आणि घरात तान्हे बाळ असेल तर तूर्त राहू द्यावा.