‘कोबाल्ट ब्लू’ की ‘नॉर्मल पीपल’: आधी कोणती?

प्रेमकथा म्हटलं की नाक मुरडणाऱ्या मैत्रिणीच्या हातात मी या दोन कादंबऱ्यांपैकी एक ठेवते.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात घडते. पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि अनुजा, सख्खे भाऊ-बहीण, दोघांचाही जीव जडतो. आधी तनय त्याला ‘तू’ म्हणत बोलत राहतो, मग अनुजाची डायरी सुरू होते. तेच दिवस दुसऱ्या बाजूने वाचताना पोटात खड्डा पडतो. त्या तरुणाला नावच नाही. सोडून गेलेल्याचं नाव घेणं खरंच किती जड जातं!

सॅली रूनींची ‘नॉर्मल पीपल’ (2018) आयर्लंडची. कॉनेलची आई मॅरिअनच्या घरी साफसफाई करते, पण शाळेत तो मॅरिअनला ओळख दाखवत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मात्र पारडं फिरतं. 2011 ते 2015 हा काळ महिन्यांच्या उड्या मारत जातो. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. दहा पानांत सवय होते.

वर्ग आणि पैसा प्रेमात कसा शिरतो, हे रूनी जास्त बारकाईने दाखवतात. तरी आधी ‘कोबाल्ट ब्लू’च घ्या. ते दुःख आपल्या भाषेतलं आहे.