गोल्डफिशची शेपूट झिजतेय: पाणी बदलायचं, मीठ टाकायचं की औषध?

शेपटीची कड फाटक्या पदरासारखी दिसायला लागली की आपण दुकान गाठतो, आणि दुकानदार निळी बाटली हातावर ठेवतो. मीही तेच केलं होतं. आमची सोसायटी टँकरच्या पाण्यावर चालणारी, दोन फुटी टँकमध्ये ओरांडा जातीचा एक गोल्डफिश. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थेंब मोजून टाकले, पाणी शाईसारखं झालं, आणि सहाव्या दिवशी शेपूट आणखी आखूड. तेव्हा कुठे पाणी तपासायचं टेस्ट किट आणलं. अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी होती, ती हिरवीगार झाली. टँकच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन आजही निळसर आहे.

तेव्हा माझा कौल आधीच सांगून टाकतो: पहिला नंबर पाण्याचा, दुसरा मिठाचा, औषधाचा शेवटचा आणि तोही टँकबाहेर. पण कुठल्या माशाला काय, हे शेपूट बघून ठरतं.

आधी शेपूट वाचा

रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च काचेमागून, माशाच्या शेपटीच्या मागे धरा. परांमधल्या काड्या आणि त्यांच्यामधला पातळ पडदा स्वच्छ दिसतो. काड्या शाबूत आणि फक्त पडदा उभा चिरलेला असेल तर बहुधा कशाला तरी घासून फाटलाय. प्लॅस्टिकची झाडं आणि टोकदार शोभेचे दगड आधी बाहेर काढा. कड कुरतडल्यासारखी, पांढुरकी किंवा लालसर असेल तर ती कुज आहे. कड धड पण परांत लाल रेघा असतील तर पाण्यावर संशय घ्या. कडेला काळपट छटा आली असेल तर अनेकदा ते अमोनियाने भाजलेलं भरून येत असल्याचं लक्षण असतं. त्या काळ्या रंगाला घाबरून औषध ओतणारे मी पाहिलेत.

आणखी एक गंमत. नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर विणीच्या दिवसांत बारीक पांढरे दाणे येतात. ते एका रांगेत, जागच्या जागी असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मात्र अंगभर, शेपटीवर, कसाही विखुरलेला असतो. पहिल्याला काहीही करायचं नाही.

पाणी बदलणं

कुजीचे जिवाणू टँकमध्ये कायमच असतात. निरोगी माशाला ते काही करू शकत नाहीत. पाणी बिघडून मासा थकला की त्यांचं फावतं. गोल्डफिश कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, आणि खातोही भरपूर. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये शेपूट झिजायला लागते ती बहुतेक याच काळात.

आता तुमचं पाणी कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क याचं माप; तो 7 वरून 8 वर गेला की अमोनियातला विषारी वाटा साधारण दहापट होतो. म्हणजे बोअरच्या जड पाण्यात, जिथे पीएच सहसा चढा असतो, 1 पीपीएम (लिटरला 1 मिलिग्रॅम) अमोनिया जितका चावतो, तितका मऊ पाण्यात चावत नाही. म्हणून काहीजण आरओचं पाणी भरतात. ते नकोच: त्यात क्षार जवळपास उरत नाहीत, आणि पीएच धरून ठेवायला काही नसलं की तो अचानक कोसळतो. जड पाणी गोल्डफिशला मानवतं. त्याला फक्त ते स्वच्छ हवं.

अमोनिया किंवा नायट्राइट शून्यापेक्षा जास्त दिसलं तर अर्धं पाणी बदला. 1 पीपीएमचं 0.5 होतं; दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं बदललं की पाव, वर दिवसभरात मासा सोडेल ती भर. नवीन पाणी जवळपास त्याच तापमानाचं घ्या आणि आधी अँटिक्लोरीन टाका. बादलीत रात्रभर ठेवून क्लोरीन उडून जातो हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो तसा जात नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. टँक महिनोन्‌महिने दुर्लक्षित असेल तर आतला पीएच हळूहळू उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. तिथे एकदम अर्धं ताजं पाणी ओतलं की पीएच उसळतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा टँकला रोज थोडं थोडं, दहा-पंधरा टक्के बदला.

आणि ती रविवारची सफाई! मासा बादलीत, खडी नळाखाली, फिल्टरचा स्पंज चांगला पिळून पांढराशुभ्र. घर लख्ख झाल्याचं समाधान मिळतं, पण क्लोरीनच्या पाण्याने उपयोगी जिवाणू मेलेले असतात आणि बुधवारपर्यंत परांत लाल रेघा दिसतात. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा बुचकळायचा, बास. लांबलचक लोडशेडिंगनंतरही हेच होऊ शकतं: पाणी वाहायचं थांबलं की बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू ऑक्सिजनविना गुदमरतात.

मीठ

मीठ स्वस्त, घरात असलेलं, आणि नायट्राइट वाढलं असेल तर खरोखर गुणकारी. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. लहानसहान कुजीतही माशाला थोडा आराम देतो. पण अमोनियावर त्याचा काही उपयोग नाही. पाणी न बदलता नुसतं मीठ टाकणं म्हणजे घाणीत मीठ घालणं.

प्रमाण लिटरला 1 ग्रॅमपासून. बारा बारा तासांनी वाढवत 3 ग्रॅमपर्यंत जाता येतं. दोन फुटी टँक, 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटर, कागदावर 54 लिटरचा. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की 45 लिटर धरा. म्हणजे एका वेळी 45 ग्रॅम. चमच्याने नाही, वजनकाट्यावर. खडे मीठ मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेपाशी ओता. आयोडिनच्या मिठाने मासा मरतो असं सर्रास सांगितलं जातं. त्यातलं आयोडिन इतकं थोडं असतं की त्याची काळजी नको. काळजी झाडांची करा, ती मिठाने गळतात. आणि मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटलं म्हणून वर भर घालताना पुन्हा मीठ नाही. जितकं पाणी बदललं तितक्यापुरतंच.

औषध

निळी बाटली म्हणजे बहुतेकदा मेथिलीन ब्लू. बुरशीवर, अंड्यांवर ते चांगलं. शेपटीच्या कुजीमागे मात्र सहसा जिवाणू असतात, आणि हे औषध टँकमध्ये टाकलं की फिल्टरच्या उपयोगी जिवाणूंनाच मार बसतो. माझा अमोनिया आधीच चढलेला असणार, पण त्यावर तेल ओतलं ते मीच.

कॅप्सूल फोडून टेट्रासायक्लिन टाकण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला बांधून टाकतात, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्याचा जोर निम्मा-शिम्मा होतो आणि अर्धवट डोसला सरावलेले जिवाणू तेवढे उरतात.

औषध लागतं तेव्हा लागतंच. कुज परांच्या मुळापर्यंत पोचलीय, अंगावर व्रण आहेत, खवले उभे राहिलेत, मासा खात नाही, आणि पाणी तपासून शून्य-शून्य आलंय: अशा वेळी दिवस घालवू नका. वीस लिटरचा कधीच साबण न लागलेला टब, हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन, रोज पाणी बदल; औषध तिथे, आणि मासे बघणारा पशुवैद्य मिळत असेल तर त्याला विचारून. जुन्या फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो औषध शोषून घेतो, त्यामुळे तो टबात नको.

मग तुमच्या घरी काय?

बाऊलमध्ये मासा असेल तर हे तिन्ही उपाय तात्पुरते. आठ लिटरच्या पाण्यात अमोनिया एका दिवसात परत येतो. आधी टँक घ्या. टँक नवा असेल तर पाणी आणि गरज पडली तर मीठ. टँक जुना, पाणी चोख, तरी कुज सरकतेय तर टब आणि औषध. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं असेल तर कुठलाही उपाय करताना एअर पंप जास्तीचा लावा: 20 अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसात. टेस्ट किट माशापेक्षा महाग पडेल, तरी आधी तेच घ्या. पट्ट्या घेऊ नका, त्यांत बहुतेकदा अमोनिया नसतोच.

रोज एकाच कोनातून शेपटीचा फोटो काढा. चार-पाच दिवसांत झीज थांबली की उपाय लागू पडलाय. भरून यायला आठवडे लागतात. माझ्या ओरांडाची नवी कड आली ती ट्रेसिंग पेपरसारखी पारदर्शक, आणि मी ती पुन्हा कुज समजून बाटली उघडत होतो. रंग त्या भागात नंतर आला. एका जागी खाच राहिली ती राहिलीच.