कालवा की पठार? फ्रान्समध्ये ग्रॅव्हल बाईकवर आठ-दहा दिवस जायचं असेल तर

2024 च्या टूर द फ्रान्सचा नववा टप्पा त्रुआ शहराभोवती झाला. 199 किमीपैकी 32 किमी पांढरा कच्चा रस्ता, त्याचे 14 तुकडे. टीव्हीवर ती धूळ फार देखणी दिसली आणि आमच्या सायकल ग्रुपवर "चला, फ्रान्सला ग्रॅव्हल करू" सुरू झालं. ग्रॅव्हल म्हणजे जाड टायरच्या सायकलने कच्च्या, खडीच्या रस्त्यावरून जाणं. पण शर्यतवाल्यांच्या मागे गाडी असते, गाडीत चाकं असतात. आपल्यामागे आपलीच पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला टांगलेली सामानाची पिशवी. सुट्टीवर जाणाऱ्याला रस्त्याआधी मुक्काम, पाणी आणि परतीची ट्रेन बघावी लागते. त्या हिशेबाने मी तीन जागा समोरासमोर ठेवतोय: दक्षिणेतला कनाल द्यू मिदी, वायव्य फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला नाँत-ब्रेस्त कालवा आणि कोस मेजाँचं पठार.

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव मिदीचं असतं. 1666 ते 1681 या काळात पिएर-पॉल रिके या करवसुली अधिकाऱ्याने खोदवून घेतलेला हा कालवा तुलूझपासून समुद्रकाठच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत 240 किमी जातो. 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे. रिके बिचारा उद्घाटनाच्या काही महिने आधीच गेला. इतिहास म्हणाल तर याला तोड नाही. रस्त्याचं मात्र वेगळं आहे. तुलूझमधून निघाल्यावर पहिले पन्नासेक किमी गुळगुळीत डांबर. कंटाळा येईल इतकं. नोरूझची खिंड 189 मीटरवर, म्हणजे चढ असा नाहीच. पुढे डांबर संपतं, कास्तेलनोदारीपर्यंत बारीक खडीची वाट मजेत जाते आणि कार्कासोननंतर कालव्याचा काठ पायवाटेएवढा होतो. तिथे चिनार कुळातल्या प्लेन झाडांची मुळं वाटेवर आडवी आली आहेत, मनगटाएवढी जाड, एकामागून एक. दिवसभर हातांना हादरे बसतात. माझ्या पॅनिअरचा हूक तिथेच तुटला आणि उरलेले दोन दिवस मी तो बुटाच्या नाडीने बांधून काढले.

सावलीचंही ऐका. फोटोतला तो हिरवा बोगदा आता सलग राहिलेला नाही. 2006 पासून या झाडांना बुरशीचा रोग लागलाय. त्यावर औषध नाही, म्हणून झाडं हजारोंनी तोडावी लागली. जागी वेगळ्या जातींची रोपं लावताहेत, पण ती अजून लहान आहेत. जुलै-ऑगस्टच्या उन्हात उघड्या काठावरून जाताना ते जाणवतं. वाऱ्याचं गणितही आधी करा. वायव्येचा सेर्स सुटला तर समुद्राकडे जाणाऱ्याच्या पाठीशी असतो. आग्नेयेचा ओताँ सुटला तर उलट, थेट तोंडावर.

म्हणून मिदीला जायचंच तर माझा सल्ला जरा वाकडा आहे. अख्खा कालवा करू नका. नोरूझला कालव्याला पाणी आणणारा चर येऊन मिळतो, त्याला रिगोल द ला प्लेन म्हणतात. त्याच्या काठाने उलट दिशेला सुमारे 40 किमी, काळ्या डोंगराच्या पायथ्याशी जा आणि तिथून वर साँ-फेरेओलच्या तलावापर्यंत चढा. अरुंद मातीची वाट, डोक्यावर झाडं, शेजारी झुळझुळ पाणी. 240 किमी लांबीच्या कालव्याला पाणी पुरवायचं कसं, हे रिकेचं खरं कोडं होतं, आणि त्याचं उत्तर तुम्ही चाकाखाली बघत जाता. येताना बेझियेची फोन्सरानची लॉकची पायरी (लॉक म्हणजे होड्या वरखाली करणारे पाण्याचे दरवाजे) ट्रेनने जाऊन बघितली तरी चालेल.

नाँत-ब्रेस्त कालव्याला तेवढं नाव नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच सांगतो. 364 किमी. ब्रिटिश आरमाराने बंदरांची नाकेबंदी केल्यावर नेपोलियनने हा आतल्या बाजूचा जलमार्ग काढायला घेतला, आणि पुरा झाला 1842 मध्ये, म्हणजे नाकेबंदी आणि नेपोलियन दोन्ही गेल्यावर. सरकारी कामाची ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. काठावर दाबलेली बारीक रेतीखडी आहे, पाऊस पडला तरी फारसा चिखल होत नाही, आणि मोटारी जवळजवळ नाहीतच. लॉक इथे दोनशेच्या वर आहेत. वाट सपाटच असते, फक्त प्रत्येक लॉकपाशी दोन-तीन मीटरचा लहानसा उठाव येतो. दोन पेडल उभ्याने मारली की संपला. लॉकच्या रखवालदारांची जुनी घरं अजून उभी आहेत, काहींमध्ये चहा-कॉफी मिळते, काहींमध्ये मुक्काम.

जोस्लँला किल्ल्याचे तीन बुरूज थेट पाण्यात उतरल्यासारखे दिसतात. तिथे अर्धा दिवस ठेवा. पोंतिव्हीच्या पुढे गेर्लेदाँचं धरण आहे, 1930 मध्ये पुरं झालेलं. त्याच्या जलाशयात कालव्याचा तुकडाच बुडाला, त्यामुळे वाट काठ सोडून वर चढते आणि थोडा घाम काढते. ग्लोमेलचा मोठा चर मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय. कालव्याचा हा माथ्याचा भाग कैद्यांकडून खोदून घेतला, 1820 च्या दशकात, कुदळ-फावड्यांनी. दोन्ही बाजूंना उंच दरड, वर झाडी, खाली काळं स्तब्ध पाणी. दुपारीही तिथे गार वाटतं आणि माणसं आपोआप बोलायची थांबतात. पुढे शातोलँपर्यंत नदीचीच सोबत. शातोलँहून प्रादेशिक ट्रेनने कँपेर गाठता येतं.

जेवणाचं शाकाहारी लोक हमखास विचारतात. ब्रिटनीत गालेत मिळतो, कुट्टूच्या पिठाचा पातळ, जाळीदार, आपल्या कोकणी घावनाचा सावळा भाऊ. चीज, मशरूम किंवा अंडं घालून मागा. 'कोंप्लेत' असं नाव दिसलं की त्यात हॅम असतं, हे लक्षात ठेवा. मिदीकडे कास्तेलनोदारीचं प्रसिद्ध कासुले पांढऱ्या घेवड्याचं असतं खरं, पण त्यात बदक किंवा डुकराचं मांस असतंच. तिकडे शाकाहारी माणूस पाव-चीज-टोमॅटोवर दिवस काढतो.

हे दोन्ही कालवे वाचून "यात ग्रॅव्हल कुठे आहे?" असं मनात आलं असेल, तर तुम्ही तिसऱ्या जागेचे. कोस मेजाँ हे तार्न आणि जोंत नद्यांच्या दऱ्यांमध्ये उचलून ठेवल्यासारखं चुनखडीचं पठार, साधारण हजार मीटरवर. सह्याद्रीतले सडे पाहिलेल्याला मोकळेपणा ओळखीचा वाटेल, दगड मात्र जांभा नाही, पांढराफटक. फ्लोराक गावातून वर यायला सुमारे पाचशे मीटरचा घाट, आणि माथ्यावर आलं की गवत, मेंढ्या, आकाश. मध्य आशियातले प्रझेवाल्स्की जातीचे घोडे 1993 पासून इथे वाढवले जातात, कुंपणापलीकडे दिसतात. जोंतच्या दरीवर गिधाडं घिरट्या घालतात. 1980 च्या दशकात ती पुन्हा आणून सोडलेली.

इथे अडचण पाण्याची. चुनखडीत पाऊस मुरतो, वर ओढा नाही की झरा नाही. मेंढ्यांसाठी दगड लावून केलेली गोल तळी दिसतात, त्यांना लाव्होन्य म्हणतात. ते पाणी मेंढ्यांचंच. तीन लिटर सोबत हवं. दुसरी अडचण पाटू, मेंढ्या राखणारे पांढरे दांडगे कुत्रे. अंगावर येताना दिसले की उतरा, सायकल मध्ये धरा आणि कळपाला लांबून वळसा घाला. ओरडायचं नाही, पळायचं तर नाहीच. फ्लोराकला रेल्वे नाही, माँद किंवा आलेसहून पुढची सोय बघावी लागते. दहा दिवस तिथे घालवायची गरज नाही. फ्लोराक किंवा मेरुएसला खोली घेऊन चार दिवस रोज वेगळी फेरी मारली की पोट भरतं.

टायरचं म्हणाल तर ब्रिटनीला 35 मिमी रुंदीचा पुरतो, मिदीला 40 हवा, मेजाँला 45 आणि तोही ट्यूबलेस. तिथला दगड धारदार आहे. ब्रिटनीला मे ते सप्टेंबर कधीही जा, एक रेनकोट ठेवा. मिदी एप्रिल-मे किंवा सप्टेंबरात. मेजाँ जूनमध्ये. सप्टेंबरपासून तिकडे शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भडक रंगाचं जाकीट घाला.

सायकलला फक्त काही टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान गाड्यांत जागा असते, आणि तीही आधी आरक्षित करावी लागते. नाही मिळाली तर सायकल सोडवून पिशवीत भरायची. प्रादेशिक गाड्यांत बहुधा तशीच नेता येते. कुटुंबाबरोबर जाणार असाल, किंवा दिवसाला साठ किमीच्या वर जायची सवय नसेल, तर तिकीट सरळ नाँतचं काढा. पाय तयार असतील आणि कच्च्यावर उतरताना ब्रेकला हात जात नसेल, तर मेजाँ.

कुठेही गेलात तरी रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली दुकानं बंद सापडतात, तेव्हा शनिवारीच पाव घेऊन ठेवा. बाटली रिकामी झाली तर गावाची दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. वर 'नों पोताब्ल' (पिण्याचं नाही) अशी पाटी नाही ना, एवढं बघून बाटली भरा आणि फाटक लावून घ्या.