फ्लटर ॲपचे मागे जाणे आणि परतणे: ऑब्झर्व्हर ठेवावा की लिसनर घ्यावा?

ॲप मिनिमाइझ झाले, पुन्हा समोर आले किंवा बंद झाले, की त्या त्या वेळी काही कामे करावीच लागतात. अर्धवट भरलेली नोंद जतन करायची असते, सर्व्हरशी असलेली जोडणी सोडायची असते, बराच वेळ दूर राहिलेल्या वापरकर्त्याला पिन पुन्हा विचारायचा असतो. फ्लटरमध्ये, म्हणजे एकाच कोडमधून फोन आणि संगणक यांची ॲप बनवण्याच्या साधनात, या घटनांची दखल घेण्याचे दोन अधिकृत मार्ग आहेत. विजेट्सबाइंडिंगऑब्झर्व्हर हे मिक्सिन (इतर क्लासमध्ये मिसळता येणारा तयार कोड) जुने असून बहुतेकांच्या हातात बसलेले आहे. ॲपलाइफसायकललिसनर हा क्लास ऑगस्ट २०२३ मध्ये ३.१३ या आवृत्तीबरोबर आला. दुकानदारांच्या उधारीची वही ठेवणारे एक ॲप मी गेली काही वर्षे सांभाळतो. ते मालकाच्या फोनवर चालते आणि गल्ल्यावरच्या विंडोज संगणकावरही चालते. या ॲपसाठी दोन्ही मार्ग वापरून झाल्यावर मी दुसऱ्या मार्गावर स्थिरावलो. तो का, हे येथे मांडतो. ज्यांचे ॲप निराळ्या प्रकारचे आहे त्यांचा निष्कर्ष निराळा निघू शकतो, हे मला मान्य आहे.

वेग किंवा मेमरी यांच्या कसोटीवर निवड करण्यात अर्थ नाही, कारण लिसनर हा आतून ऑब्झर्व्हरच आहे: तो तेच मिक्सिन वापरून स्वतःची नोंदणी करतो आणि आलेली अवस्था वेगवेगळ्या कॉलबॅकमध्ये (घटना घडताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वाटून देतो. नोंदणीच्या कामातही फारसा फरक नाही. ऑब्झर्व्हर जोडावा आणि काढावा लागतो. लिसनर तयार करावा आणि काम संपल्यावर डिस्पोझ करावा, म्हणजे सोडून द्यावा, लागतो. विसरल्यास दोन्हीकडे सारखाच त्रास होतो.

खरा फरक समजण्यासाठी अवस्थांचा क्रम नीट पाहावा लागतो. फोनवर ॲप मागे जाताना ते रिझ्युम्डवरून (समोर, वापरात) इनॲक्टिव्ह (वापर त्याच्याकडून सुटलेला), मग हिडन (पडद्यावर न दिसणारे) आणि शेवटी पॉज्ड (पार्श्वभूमीत गेलेले) या अवस्थेत जाते. परतताना ते पॉज्डवरून थेट रिझ्युम्डवर येत नाही. पुन्हा हिडन, मग इनॲक्टिव्ह आणि त्यानंतर रिझ्युम्ड असा उलटा प्रवास होतो. ऑपरेटिंग सिस्टिमने मधल्या पायऱ्या कळवल्या नाहीत तरी फ्लटर त्या स्वतः भरून काढते. हिडन ही अवस्था ३.१३ मध्येच आली, आणि डेस्कटॉप व वेब यांनाही लागू पडेल असा एकच क्रम सर्वत्र मिळावा हा या रचनेचा उपयोग आहे. रचना म्हणून ती मला पटते. मात्र तिचा एक परिणाम असा होतो की फोनवर एका फेरीत हिडन आणि इनॲक्टिव्ह या दोन्ही अवस्था प्रत्येकी दोनदा लागतात, एकदा जाताना आणि एकदा येताना. ऑब्झर्व्हरच्या फंक्शनला फक्त नवी अवस्था दिली जाते. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे त्याला सांगितले जात नाही.

माझा निर्णय याच एका गोष्टीवर ठरला, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. आमच्या ॲपची गरज साधी होती: वापरकर्ता दोन मिनिटांहून अधिक काळ दूर राहिला तर पिन विचारायचा, त्याहून कमी काळ राहिला तर विचारायचा नाही. टायमर लावून हे होत नाही, कारण पार्श्वभूमीत गेलेले ॲप सिस्टिम थांबवून ठेवू शकते आणि त्याबरोबर टायमरही थांबतो. म्हणून जाताना वेळ टिपून ठेवायची आणि परतल्यावर तिच्याशी तुलना करायची, हाच योग्य मार्ग आहे. आता ही वेळ ऑब्झर्व्हरमध्ये कोणत्या अवस्थेत टिपायची? हिडनमध्ये टिपली, तर विंडोजवर सर्व काही बरोबर चालते, कारण तेथे खिडकी मिनिमाइझ केल्यावर ॲप हिडनपर्यंतच जाते आणि परतताना तेथूनच निघते. फोनवर मात्र परतीच्या वाटेवर हिडन पुन्हा लागते, टिपलेली वेळ ताज्या वेळेने पुसली जाते आणि रिझ्युम्डमध्ये वजाबाकी केल्यावर फरक जवळजवळ शून्य येतो. वापरकर्ता अर्धा दिवस बाहेर राहून आला तरी पिन विचारला जात नाही. वेळ पॉज्डमध्ये टिपली, तर फोनवर काम चोख होते, पण पॉज्ड ही अवस्था फक्त अँड्रॉइड आणि आयओएसवरच येते, त्यामुळे गल्ल्यावरच्या संगणकावर वेळ कधी टिपलीच जात नाही. इनॲक्टिव्हमध्ये टिपली, तर दोन्हीकडे चुकते.

यावर उपाय नाही असे नाही. मागची अवस्था एका चलात साठवायची, नवी अवस्था आली की दोन्हींची जोडी पाहायची आणि मगच काम करायचे. चार-पाच ओळींत हे होते आणि अनेकांनी तसे लिहिलेले मी पाहिले आहे. मला खटकते ते असे की या ओळी प्रत्येक पडद्याच्या क्लासमध्ये नव्याने लिहाव्या लागतात, आणि एखाद्या ठिकाणी त्या राहून गेल्या तर कंपायलर काही बोलत नाही, चाचणीही अनेकदा बोलत नाही. दोष दिसतो तो दुकानदाराला, आणि तोही फक्त एका प्रकारच्या उपकरणावर. दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपमध्ये असा दोष मला फार गंभीर वाटतो.

लिसनर नेमके हेच काम स्वतःकडे घेतो. तो मागची अवस्था लक्षात ठेवतो आणि दिशेनुसार वेगळा कॉलबॅक चालवतो. इनॲक्टिव्हवरून हिडनकडे जाताना ऑन-हाइड चालतो, हिडनवरून इनॲक्टिव्हकडे येताना ऑन-शो. हिडनवरून पॉज्डकडे जाताना ऑन-पॉज, आणि पॉज्डवरून हिडनकडे परतताना ऑन-रिस्टार्ट. वेळ ऑन-हाइडमध्ये टिपली आणि ऑन-शोमध्ये तपासली, की फोन आणि संगणक दोन्हीकडे तोच कोड तसाच चालतो. आमच्या ॲपमध्ये हा बदल केल्यानंतर प्लॅटफॉर्म तपासणाऱ्या अटी काढून टाकता आल्या, आणि नव्याने आलेल्या सहकाऱ्याला तो भाग समजावून सांगावा लागला नाही. हे काही मोजमाप नव्हे, पण माझ्या लेखी त्याचे वजन मोठे आहे.

बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने कुलूप उघडणाऱ्या ॲपमध्ये हा फरक आणखी ठळक होतो. ठसा मागणारी सिस्टिमची खिडकी वर आली की ॲप इनॲक्टिव्ह होते आणि ती मिटली की पुन्हा रिझ्युम्ड होते. त्यामुळे रिझ्युम्ड होताच कुलूप लावणारे ॲप वापरकर्त्याला त्या खिडकीच्या फेऱ्यात अडकवते: ठसा दिला की पुन्हा रिझ्युम्ड, पुन्हा ठशाची मागणी. अशा खिडकीमुळे ॲप सहसा हिडनपर्यंत जात नाही, म्हणून कुलपाचा निर्णय ऑन-शोमध्ये घेतला की हा फेरा टळतो. येथे एक काळजी घ्यावी. ऑन-शोच्या क्षणी ॲप अजून पूर्णपणे पुढे आलेले नसते, म्हणून तेथे फक्त कुलपाचा पडदा लावून ठसा मागण्याची खूण करावी, प्रत्यक्ष मागणी ऑन-रिझ्युममध्ये करावी आणि मागणी करण्याच्या आधीच ती खूण उतरवावी. तसे केले नाही तर खिडकी मिटल्यावर येणारा ऑन-रिझ्युम पुन्हा तीच मागणी करू शकतो. कुलपाचा पडदा मात्र ठसा जुळेपर्यंत तसाच राहू द्यावा.

अलीकडच्या ॲपच्या यादीत उधारीचे आकडे दिसू नयेत म्हणून घालायचे आवरण दोन्ही मार्गांनी सारखेच सोपे आहे. ते इनॲक्टिव्हमध्ये घालावे लागते, कारण हिडन झाल्यावर फ्लटर नवी फ्रेम रंगवतच नाही आणि आवरण पडद्यावर येण्याआधीच चित्र टिपले गेलेले असते. अँड्रॉइडवर खिडकीला सुरक्षिततेचा फ्लॅग लावणे हा त्याहून भक्कम उपाय आहे, आणि त्याचा या निवडीशी संबंध नाही.

ॲप बंद होण्याच्या बाबतीत मात्र कोणत्याही मार्गाकडून फार अपेक्षा ठेवू नये. डिटॅच्ड (पडद्यापासून सुटलेले) ही अवस्था नावावरून शेवटची वाटते, पण ती येईलच याची खात्री नसते. अँड्रॉइडला मेमरी हवी असेल तर पार्श्वभूमीतील प्रक्रिया ॲपला न विचारता संपवली जाते, आणि आयओएसवर थांबवून ठेवलेले ॲप काढून टाकतानाही त्याला काही कळवले जात नाही. लिसनरमध्ये ऑन-एक्झिट-रिक्वेस्टेड हा कॉलबॅक असून तेथे बंद होण्यास नकार देता येतो. संगणकावर जतन न केलेली पावती असताना तो फार उपयोगी पडतो. फोनवर त्याचा भरवसा धरू नये. ऑब्झर्व्हरमध्येही त्याच कामाची पद्धत आहे, त्यामुळे येथे कोणाचे पारडे जड होत नाही. टिकलीच पाहिजे अशी माहिती मी नोंद बदलताच डेटाबेसमध्ये लिहितो आणि ऑन-हाइडमध्ये फक्त उरलेसुरले आवरतो. आयओएसवर पार्श्वभूमीत जाताना आवराआवरीसाठी साधारण पाचच सेकंद मिळतात, त्यामुळे तेथे नेटवर्कवरून काही पाठवायला सुरुवात करू नये. वापरकर्ता नोंद भरत असताना प्रक्रिया गेली तर काय होईल, हे पाहण्यासाठी अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांतील ॲक्टिव्हिटी (अँड्रॉइडमधील ॲपचा पडदा) न ठेवण्याचे बटण आणि एडीबीचा, म्हणजे संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या साधनाचा, एएम किल हा आदेश, दोन्ही वापरावेत. पहिल्याने फक्त ॲक्टिव्हिटी जाते, दुसऱ्याने पूर्ण प्रक्रिया जाते, आणि त्यांतून वेगवेगळे दोष उघड होतात.

मूळ अँड्रॉइडवरून फ्लटरकडे आलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फ्लटरचे पॉज्ड म्हणजे ॲक्टिव्हिटीचे ऑन-पॉज नव्हे. ते ऑन-स्टॉपशी जुळते, आणि ॲक्टिव्हिटीच्या ऑन-पॉजला फ्लटरमध्ये इनॲक्टिव्ह मिळते. लिसनरच्या कॉलबॅकचे नाव ऑन-पॉज असल्यामुळे येथे घोळ होण्याची शक्यता उलट वाढते. ही लिसनरची उणी बाजू आहे आणि ती मी झाकू इच्छित नाही.

ऑब्झर्व्हरच्या बाजूनेही सांगण्यासारखे बरेच आहे. त्याच मिक्सिनमध्ये कीबोर्ड उघडल्याने बदललेले पडद्याचे माप, भाषेतील बदल, गडद-उजळ रूपातील बदल आणि मेमरी कमी पडल्याची सूचना हे सर्व मिळते. लिसनरला यांतले काही कळत नाही. एखाद्या क्लासमध्ये या सूचना आधीच घेतल्या जात असतील तर केवळ नव्या पद्धतीसाठी दुसरी वस्तू आणणे मला अनावश्यक वाटते. ३.१३ च्या आधीच्या फ्लटरवरही चालले पाहिजे असे पॅकेज लिहिणाऱ्यांना तर पर्यायच नाही. शिवाय स्विचमध्ये (अवस्थेनुसार वेगळे काम निवडणाऱ्या रचनेत) सर्व अवस्था लिहिण्याची डार्टची, म्हणजे फ्लटरच्या भाषेची, सक्ती येथे उपकारक ठरते. हिडन आली तेव्हा अनेकांचे कोड कंपाइल होईनासे झाले, त्याबद्दल तक्रारी झाल्या, पण नवी अवस्था आली आहे हे त्यांना लगेच कळले. लिसनरमध्ये जो कॉलबॅक दिलेला नाही त्याची कोणी आठवण करून देत नाही.

लिसनर वापरताना एक सापळा नक्की टाळावा. अनेक उदाहरणांत तो लेट फायनल (नंतर एकदाच मूल्य घेणारे) चल म्हणून घोषित केलेला दिसतो. घोषणेच्याच ओळीत त्याला मूल्य दिले, तर डार्ट तो पहिल्यांदा वापरला जाईपर्यंत तयारच करत नाही, आणि तो पहिला वापर बहुधा डिस्पोझमध्ये असतो. म्हणजे पडदा जिवंत असेपर्यंत एकही कॉलबॅक चालत नाही. तो इनिट-स्टेटमध्ये (पडदा तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्पष्टपणे तयार करावा. त्याच वेळी हेही ध्यानात असावे की कॉलबॅक बदलावरच चालतात. ॲप आधीच समोर असताना तयार झालेल्या लिसनरला पहिला ऑन-रिझ्युम मिळत नाही, म्हणून पहिल्यांदा करायचे काम वेगळे बोलवावे लागते.

क्रम तुटला तर डीबग बिल्डमध्ये (विकासाच्या वेळच्या आवृत्तीत) लिसनर असर्ट करून, म्हणजे चूक दाखवून, थांबतो. काहींना हे जाचक वाटते, विशेषतः चाचणीत अवस्था हाताने उडी मारून बदलणाऱ्यांना. मला ते चालते, कारण चाचणीने खऱ्या फोनवरील क्रमच पाळावा असे मला वाटते, आणि वेळ पुसली जाण्याचा वर सांगितलेला दोष फक्त पूर्ण क्रम चालवणाऱ्या चाचणीतच सापडतो.

ॲप फक्त फोनवर चालणार असेल, दूर राहिल्याचा काळ मोजायचा नसेल आणि पॉज्ड व रिझ्युम्ड या दोनच अवस्थांवर काम भागत असेल, तर चालू असलेला ऑब्झर्व्हर बदलण्याची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. नवे ॲप सुरू करणाऱ्याला, किंवा फोनवरचे ॲप संगणकावर नेणाऱ्याला, मी लिसनरच सुचवेन. बदल करताना आधी हिडन किंवा इनॲक्टिव्ह या अवस्थांमध्ये काही साठवणारा कोड शोधावा आणि तेवढाच हलवावा. रिझ्युम्डमध्ये फक्त यादी ताजी करणारे पडदे जुन्या पद्धतीवर राहिले तरी चालते. आमच्या ॲपमध्ये ते आजही तसेच आहेत, आणि दोन्ही पद्धती एकाच वेळी वापरल्याने आतापर्यंत काही अडलेले नाही.