क्रॉन आणि मायएसक्यूएलडम्प: डम्प उत्तम, पण फसला तर कळत नाही

मायएसक्यूएल हा डेटाबेस बसवला की त्याची प्रत (डम्प) काढणारं मायएसक्यूएलडम्प सोबतच येतं, आणि ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारं क्रॉन लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर आधीपासून असतं. वेगळं काही विकत घ्यायला नको. हाती येते ती साधी एसक्यूएल फाइल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येणारी. वीस-तीस जीबीपर्यंतच्या डेटाबेससाठी रोजच्या बॅकअपला आम्ही अजूनही हीच जोडी सुचवतो. तिची उणीव एकच, पण मोठी आहे: बॅकअप फसला तर ती आपणहून सांगत नाही. मुद्दाम सांगायला लावावं लागतं.

आधी डम्पबद्दल. इनोडीबी (मायएसक्यूएलचा टेबलं साठवायचा नेहमीचा प्रकार) टेबलं असतील तर सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय द्यायलाच हवा. तो नसेल तर डम्प टेबलं लॉक करतो आणि तेवढा वेळ साइटवरचं सगळं लिखाण खोळंबतं. तो दिला की डम्प सुरू होतानाच्या क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं आणि कुणाचं काम अडत नाही. मायआयसॅम या जुन्या प्रकारच्या टेबलांना मात्र याचा उपयोग नाही. डम्प चालू असताना कुणी ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) चालवलं तर १४१२ क्रमांकाचा एरर येऊ शकतो, त्यामुळे डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) आणि बॅकअप यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. आणखी एक गोष्ट हमखास राहते: डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमपैकी ट्रिगर आपोआप येतात, पण स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट येत नाहीत. रूटीन्स आणि इव्हेंट्स हे दोन्ही पर्याय वेगळे द्यावे लागतात, आणि ते राहिल्याचं रीस्टोअर करतानाच लक्षात येतं.

‘हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून चालत नाही’ ही स्क्रिप्टबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार. क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, फार तोकडा असतो, म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीतल्या) ओळीत % हे चिन्ह नवी ओळ मानलं जातं. फाइलच्या नावात तारीख घालायला डेट कमांड तिथेच लिहिली असेल तर % च्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. त्यापेक्षा सगळं स्क्रिप्टमध्ये हलवलेलं बरं. डेबियन-उबुंटूवर रोजच्या क्रॉन फोल्डरमध्ये स्क्रिप्ट ठेवणार असाल तर नावात टिंब नको. शेवटी एसएच एक्स्टेन्शन असलेली फाइल तिथे मुकाट्याने वगळली जाते. एरर मेलने येईल म्हणून निर्धास्त राहावं, तर सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रॅमच (एमटीए) नसतो आणि क्रॉन सगळं आउटपुट टाकून देतो. सिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड’ असं दिसलं तर हेच झालंय असं समजा.

खरा घात पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देताना होतो. डम्प काढून थेट फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे पाठवला की शेल एक्झिट कोड (काम जमलं का ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे जमलं) शेवटच्या कमांडचा, म्हणजे जीझिपचा धरतं. पासवर्ड चुकून डम्प पहिल्याच क्षणी मेला, तरी जीझिपने रिकामा इनपुट नीट दाबलेला असतो आणि एक्झिट कोड शून्य येतो. फोल्डरमध्ये २० बाइटची फाइल दिसली तर ती हीच. जीझिपच्या चाचणीतही ती पास होते, कारण झिप म्हणून तिच्यात काहीच खोट नसते! उपाय दोन, आणि दोन्ही हवेत. पहिला: स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल चालू करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी ती चूक धरली जाते. ही सोय बॅश या शेलची आहे आणि डेबियन-उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश हे वेगळं शेल, म्हणून पहिल्या ओळीत बॅशच लिहा. दुसरा: फाइल उलगडून शेवटची ओळ पाहा. पूर्ण झालेल्या डम्पच्या शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ असा शेरा असतो. तो नसेल तर डम्प अर्धवट आहे, फाइल कितीही मोठी दिसो. अर्थात, कॉमेंट बंद करण्याचा पर्याय दिला असेल तर हा शेराही मिळणार नाही.

स्क्रिप्टचा क्रमही महत्त्वाचा. आधी एफलॉकने कुलूप, म्हणजे कालचा लांबलेला बॅकअप आणि आजचा एकमेकांत अडकत नाहीत. मग तात्पुरत्या नावाने डम्प, मग वरची तपासणी, ती पास झाली तरच खरं नाव, आणि जुन्या फाइली पुसणं सगळ्यात शेवटी. पुसणं स्वतंत्रपणे चालत असेल तर नवे बॅकअप बंद पडूनही जुने रोज गळत राहतात, आणि आठवड्याभरात फोल्डर रिकामं होतं. जुन्या फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडमध्ये एमटाइम +७ म्हणजे किमान आठ पूर्ण दिवस जुन्या फाइली, सात नव्हे. डिस्कचा हिशोब त्याप्रमाणे करा.

एररपैकी तीन वारंवार दिसतात. टेबलस्पेसच्या उल्लेखासह प्रोसेस प्रिव्हिलेज (अधिकार) मागणारा एरर मायएसक्यूएल ५.७.३१ आणि ८.०.२१ पासून येऊ लागला. बॅकअपच्या युजरला तो अधिकार द्या किंवा नो-टेबलस्पेसेस हा पर्याय लावा. २०२० क्रमांकाचा एरर आला तर एखादी ओळ मॅक्स-अलाउड-पॅकेटपेक्षा मोठी आहे. डम्पच्या बाजूला ही मर्यादा मुळात २४ एमबी असते, ती वाढवून द्या. २०१३ क्रमांकाचा एरर म्हणजे मधेच कनेक्शन तुटलं. बऱ्याचदा कारण असं की कॉम्प्रेशन किंवा डिस्क हळू आहे आणि सर्व्हर ६० सेकंदांच्या नेट-राइट-टाइमआउटनंतर वाट पाहणं सोडतो. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका. ६०० परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल सांगणारा डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल पर्याय सगळ्या पर्यायांच्या आधी लिहा.

सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या सर्व्हरवर क्रॉनपेक्षा तिचा टायमर सरस वाटतो. आउटपुट तिच्या जर्नलमध्ये (नोंदींमध्ये) राहतं, ऑनफेल्युअर लावून बिघाडाचा निरोप पाठवता येतो, आणि पर्सिस्टंट चालू असेल तर सर्व्हर बंद असताना हुकलेला बॅकअप सुरू झाल्यावर घेतला जातो. सेवा अजून चालू असेल तर ती दुसऱ्यांदा सुरू होत नाही.

रीस्टोअरची गती हा या साधनाचा कच्चा दुवा. सगळ्या ओळी पुन्हा घालायच्या, इंडेक्स पुन्हा बांधायचे, त्यामुळे डम्पला लागलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ जातो. महिन्यातून एकदा वेगळ्या सर्व्हरवर पूर्ण रीस्टोअर करून तो वेळ घड्याळ लावून मोजा. तेवढा वेळ काम बंद ठेवणं परवडत नसेल तर पर्कोना एक्स्ट्राबॅकअपसारख्या थेट डेटाफाइलींची प्रत घेणाऱ्या साधनाकडे वळा. मारियाडीबी (मायएसक्यूएलपासून फुटून निघालेला डेटाबेस) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: १०.११.८ आणि त्याच सुमाराच्या आवृत्त्यांपासून डम्पच्या पहिल्याच ओळीत सँडबॉक्स मोडची (धोकादायक कमांड बंद ठेवणाऱ्या सोयीची) खूण असते. जुना क्लायंट किंवा मायएसक्यूएलचा क्लायंट त्या ओळीवरच अडतो. तेवढी एक ओळ गाळून बाकीची फाइल दिली की रीस्टोअर पुढे सरकतं.