कोयासानच्या मंदिरातील मुक्काम

पाठीवर सॅक घेऊन जपान फिरणाऱ्या जोडप्याला परवडणारी जागा शोधणे फारसे कठीण जात नाही. जिथे खोलीच्या सरकत्या दाराला कुलूप नाही, न्हाणीघर सामाईक आणि रात्रीचा दर मात्र चांगल्या हॉटेलाच्या तोडीचा, अशा ठिकाणी राहावे का, हे ठरवणे अधिक कठीण असते. वाकायामा प्रांतातील कोयासान येथे मंदिरांतून चालणाऱ्या ‘शुकुबो’ निवासांबाबत आमचे उत्तर होकारार्थी आहे, पण काही अटींवर.

भिक्खू कूकाई यांनी ८१६ साली शिंगोन या बौद्ध पंथासाठी वसवलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, डोंगरमाथ्यांनी वेढलेल्या पठारावर आहे. येथे ११७ मंदिरे असून त्यांपैकी पन्नासेक मंदिरे यात्रेकरूंना मुक्कामास ठेवून घेतात. ओसाकाच्या नांबा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत, तेथून केबल कारने वर आणि पुढे बसने गावात, असा सोपा मार्ग आहे. परदेशी पर्यटकांसाठीचा ‘जेआर पास’ हा रेल्वे पास या मार्गावर चालत नाही, हे आधीच लक्षात ठेवावे.

पाय धड असतील तर मात्र केबल कार सोडून खालच्या कुदोयामा गावातून ‘चोइशी-मिची’ या जुन्या वाटेने चढावे, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. वाटेच्या सुरुवातीला असलेल्या जिसोन-इन मंदिरात कूकाईंची आई राहत असे, असे सांगतात. पर्वतावर स्त्रियांना मज्जाव असल्याने मुलगाच डोंगर उतरून तिला भेटायला येई. तेथून माथ्यावरच्या दानजो गारान या मंदिर-संकुलापर्यंत १८० दगडी खांब उभे आहेत, सुमारे १०९ मीटरवर एक, आणि त्यांवर सिद्धम् या प्राचीन भारतीय लिपीतील बीजाक्षरे कोरलेली आहेत. चढाईला सहा-सात तास लागतात. स्त्रियांवरील बंदी १८७२ साली सरकारी हुकुमाने उठली. तोपर्यंत त्यांना वेशीवरच्या ‘न्योनिन-दो’ या निवाऱ्यापर्यंतच येता येत असे. तेथे थांबल्यावर माझ्या पत्नीने जी टिप्पणी केली ती औपचारिक परीक्षणात देता येण्याजोगी नाही.

आमचे मंदिर जुने, लाकडी आणि कमालीचे स्वच्छ होते. बूट दारातच काढायचे. सॅक तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, ओढायची नाही, उचलूनच न्यायची. खोलीत बुटके मेज, चहाचे साहित्य आणि थंडीसाठी हीटर एवढेच असते, आणि आपण जेवायला गेलो की तरुण भिक्खू गाद्या घालून जातात. भिंती मात्र नावापुरत्याच: शेजारच्या खोलीतील गृहस्थांचे घोरणे आम्हाला रात्रभर स्पष्ट ऐकू येत होते. न्हाणीघरे स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, पण आत सर्वांनी एकत्र आंघोळ करायची असल्यामुळे ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आधी विचारून घ्यावे. सर्वांत खटकले ते असे की, जेवणाची वेळ संध्याकाळी साडेपाचची असल्याचे आरक्षण करताना आम्हाला कोणी सांगितले नव्हते. डोंगर चढून आलेल्या माणसाला ती गाठणे म्हणजे धावपळच.

जेवण मात्र या मुक्कामाची खरी कमाई आहे. जपानमध्ये भाजीच्या पदार्थातही बोनिटो माशाचे पाणी असते, त्यामुळे शाकाहारी माणसाची जी उपासमार होते ती येथे पूर्ण थांबते. ‘शोजिन र्‍योरी’ या मठातील स्वयंपाकात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घरातील माणसाला हे ताट अनोळखी वाटणार नाही. लाखेच्या लाल ताटलीवर आलेले ‘गोमा-दोफू’, म्हणजे तीळ वाटून कुडझू या वेलीच्या स्टार्चमध्ये घट्ट केलेली वडी, खरवसासारखी थरथरत होती आणि वर चिमूटभर वसाबी. थंडीत गोठवून वाळवलेला ‘कोया-दोफू’ समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबीच्या रसात शिजवतात; चावला की तो सगळा रस तोंडात उतरतो. मांडी घालून बसण्याची सवय मोडलेल्यांचे गुडघे मात्र बोलतील.

सकाळच्या सहाच्या पूजेला जाणे सक्तीचे नसते, तरी चुकवू नये. मंत्रपठण दीर्घ चालते, अर्थ कळत नाही, आणि पाहुण्यांनीही पुढे होऊन धूप वाहायचा असतो. काही मंदिरांत यानंतर ‘गोमा’ हा होम होतो. अग्नी, आहुती आणि मंत्र पाहून आपल्याकडील यज्ञविधी सहज आठवतो.

ओकुनोइन हे दोन लाखांहून अधिक समाध्यांचे, उंच देवदारांखालील स्मशान पाहण्यासाठी मुक्काम हवाच, कारण दिवसाचे प्रवासी परतल्यावर ते खरे आपले होते. येथे सोळाव्या शतकातील सेनानी ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी यांच्या समाध्यांच्या जोडीला मारलेल्या वाळवीच्या शांतीसाठी उभारलेले स्मारकही आहे. कूकाई आजही येथे ध्यानसमाधीत आहेत, या श्रद्धेने त्यांना रोज दोन वेळा भोजन नेले जाते. त्यांच्या समाधिस्थानाकडे नेणाऱ्या गोब्योबाशी पुलाच्या पलीकडे छायाचित्रण बंद आहे.

खर्च हीच मुख्य अडचण आहे. दोन जेवणांसह दर माणशी असतो, त्यामुळे जोडप्याला तो दुप्पट पडतो. म्हणून एक रात्र पुरे. पुढचे दिवस काढायचेच असतील तर गावातील साध्या अतिथिगृहात उतरावे आणि ऑक्टोबरअखेरच्या पानगळीत जायचे असल्यास आरक्षण महिनोन्‌महिने आधी करावे. मोठी सॅक नांबाच्या लॉकरमध्ये ठेवून एका रात्रीपुरते सामान वर नेल्यास चढही सोपा होतो आणि तातामीलाही ओरखडे पडत नाहीत.