रक्तदाबमापक यंत्राचे आठ महिने आणि न जुळणारे आकडे

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे स्वयंचलित यंत्र मी गेले आठ महिने घरी वापरत आहे. पहिल्या दोन महिन्यांत त्याने माझी झोप उडवली होती. सकाळी 158/96, लगेच पुन्हा मोजले की 149/92, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे 134/84. दवाखान्याच्या धास्तीने दाब चढतो असे ऐकले होते. माझे नेमके उलटे होत होते.

शेवटी यंत्रच दवाखान्यात नेले. परिचारिकेने आकड्यांकडे न पाहता आधी दंडाभोवती टेप धरली. घेर 35 सेंटिमीटर भरला आणि पट्ट्याच्या कडेला बारीक अक्षरांत 22 ते 32 सेंटिमीटर असे छापलेले होते. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ही सूचना इतक्या बारीक टाइपात का छापतात, हे मला अजून समजलेले नाही. त्याच यंत्रासाठीचा मोठा पट्टा घेतल्यावर निम्मा गोंधळ मिटला.

उरलेला निम्मा माझ्या बसण्याचा होता. डॉक्टर स्टेथोस्कोपने धमनीतला आवाज ऐकतात. हे यंत्र पट्ट्यातील हवेत उमटणारी स्पंदने टिपते आणि त्यांवरून वरचा व खालचा आकडा हिशेबाने काढते, त्यामुळे मध्येच बोललो किंवा हात हलवला तर हिशेबच बिघडतो. हात मांडीवर सोडून मोजायची माझी सवयही नडत होती, कारण पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली असला तरी आकडा सात-आठने वाढतो. आता लघवीला जाऊन येतो, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे गप्प बसतो, हात टेबलावर ठेवतो आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजतो. डॉक्टरांना दाखवण्यापूर्वी सात दिवस सकाळ-संध्याकाळ अशी नोंद करून पहिला दिवस वगळतो व बाकीच्यांची सरासरी काढतो. घरच्या सरासरीसाठी 135/85 ही मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते. दवाखान्यातल्या 140/90 च्या ती बरोबरीची मानतात.

सहाव्या महिन्यात मात्र वेगळेच घडले. अनियमित ठोक्यांची खूण एका आठवड्यात चार वेळा पडद्यावर आली आणि लागोपाठच्या दोन आकड्यांत वीसचा फरक पडू लागला. या वेळी पट्टा, बैठक, बॅटरी सगळे ठीक होते. ईसीजीत मधूनमधून पडणारे जादा ठोके दिसले. डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही म्हटले, पण खूण दिसेल त्या दिवशी तीनदा मोजून सरासरी धरायला सांगितले. ठोके असमान असले की प्रत्येक ठोक्याचा दाबही वेगळा असतो, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ राहत नाही. एकाच विचित्र आकड्यावरून गोळीत स्वतः फेरफार करू नये, हे त्यांनी बजावले. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, असे असेल तर पुन्हा मोजत न बसता तातडीने रुग्णालय गाठायचे.

यंत्राबद्दल माझी तक्रार एकच आहे: चुकीचे मोजमाप तेवढे एकटे पुसता येत नाही, ते सरासरीत मिसळते. म्हणून वही वेगळी ठेवली आहे. तिच्या पहिल्या बारा पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारून बाजूला ‘लहान पट्टा’ असे लिहिले आहे.